अस्थिभंगाचा संकेतांक
अस्थिभंगाच्या निदानाला रुग्णालयाच्या दप्तरी संकेतांक दिला जातो. त्याचा आधार म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. १९९० मध्ये संमत झालेल्या त्याच्या दहाव्या आवृत्तीत मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगास 'एस ७२', तर त्याच हाडाच्या मानेजवळील अस्थिभंगास 'एस ७२.०' हा संकेतांक आहे. त्यापुढे जोडलेले शून्य बंद अस्थिभंग दर्शविते, तर एक हा अंक जखमेसह झालेला उघडा अस्थिभंग दर्शवितो. इजेच्या कारणाचा संकेतांक निराळा असतो. घसरून वा अडखळून पडल्यास 'डब्ल्यू ०१'.

येथे एक भेद महत्त्वाचा ठरतो. ऑस्टिओपोरोसिसने ठिसूळ झालेले हाड किरकोळ धक्क्यानेही मोडते. अशा अस्थिभंगाची नोंद इजांमध्ये नव्हे, तर अस्थिविकारांच्या 'एम ८०' या गटात होते. तेथे 'एस' हे अक्षर पडले, तर आकडेवारीत अपघात तेवढा मोजला जातो आणि मूळ आजार दडून राहतो. म्हणूनच केसपेपरवर नुसते 'फ्रॅक्चर' लिहून भागत नाही. हाड, जागा, जखम आणि कारण यांचा स्पष्ट उल्लेख डॉक्टरांनी करावा लागतो.

१ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली. तिच्यात संकेतांक बदलले. निदान नेमके लिहिण्याची गरज मात्र कायम आहे.