धोंडे, वाफ आणि वीज

फिनिश भाषेंत 'लोय्लू' असा एक लहानसा शब्द आहे. तापलेल्या धोंड्यांवर पाणी टाकिलें असतां जी वाफ उसळते, तिचें हें नांव. परंतु शब्दाच्या मुळाशीं गेलें म्हणजे निराळाच अर्थ हातीं लागतो. याच शब्दाचा सहोदर असलेला हंगेरियन भाषेंतील 'लेलेक' हा शब्द आजही 'आत्मा' या अर्थानें चालतो. आणि 'लोय्लू' म्हणजेही पूर्वीं श्वास, प्राण असाच अर्थ होता. ज्या लोकांनीं वाफेला प्राणाचें नांव दिलें, त्यांच्या जीवनांत स्नानगृहास कोणतें स्थान असेल याची कल्पना एवढ्यावरूनच करितां येईल. अशा या प्राचीन संस्थेंत विजेच्या शेगडीनें प्रवेश केला, तेव्हां तिचा प्राण गेला कीं राहिला, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. जात्यावरून गिरणीवर आणि चुलीवरून गॅसवर आलेल्या आपल्या घरांस हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये.

सौनेचें जुनें रूप म्हणजे धुराची सौना. ओंडक्यांची एक खोली, तींत धोंड्यांची रास, राशीखालीं जाळ, आणि धूर जावयास धुराडें मुळींच नाहीं. कित्येक तास लांकडें जाळावयाचीं, धूर खोलीभर कोंडूं द्यावयाचा, आणि धोंडे पुरते तापले म्हणजे विस्तव विझूं देऊन धूर बाहेर काढावयाचा. मग काजळीनें काळवंडलेल्या त्या खोलींत मंडळी शिरत, आणि धोंड्यांत सांठलेल्या उष्णतेवर सारी संध्याकाळ निभत असे. आगीचें भय असल्यामुळें ही खोली घरापासून दूर, शक्य तर पाण्याच्या कांठीं बांधीत. भिंती काळ्या, तरी साऱ्या वाडीवस्तींत निर्मळ अशी जागा तीच. म्हणून बायका बाळंत होत त्या येथें, आणि मृतांस अखेरचें स्नान घालीत तेंही येथेंच. शनिवाराचें फिनिश नांव 'लाउआन्ताइ' हें 'स्नानाचा वार' अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आलें आहे. सौनेंत चर्चमध्यें वागावें तसें वागावें, अशी तिकडे म्हण आहे. ती नुसती विनोदाची नव्हे.

येथें आपल्याकडील दोन प्राचीन दाखले आठवल्यावांचून राहत नाहींत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदाव्या अध्यायांत स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं 'जेन्ताक' स्वेदासाठीं जलाशयाजवळ मातीच्या भिंतींची वर्तुळाकार खोली बांधावी, भिंतीलगत बसण्यास ओटा ठेवावा, मध्यभागीं मातीची भट्टी करून तींत खैराचीं लांकडें पेटवावीं, आणि धूर गेल्यावरच रोग्यास आंत न्यावें, असें वर्णन आहे. 'अश्मघन' स्वेदांत तर शिळाच तापवून तिजवर ऊन पाणी शिंपावयास सांगितलें आहे. बौद्धांच्या विनयपिटकांतही भिक्षूंकरितां 'जंताघर' नांवाच्या उष्ण स्नानगृहाचा उल्लेख असून, वैशाली येथें जीवक वैद्याच्या सूचनेवरून त्यास अनुज्ञा मिळाली असें तेथें म्हटलें आहे. यावरून एकानें दुसऱ्यापासून विद्या घेतली असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. तसा कांहीं आधार नाहीं. फरकही मोठा आहे. चरकाचार्य स्वेदानंतर एकाएकीं थंड पाण्यास स्पर्श करूं नये असें बजावतात. फिनिश मनुष्य तोच धांवत जाऊन सरोवरांत उडी घेतो. आपल्याकडे स्वेद हा चिकित्सेचा भाग राहिला. तिकडे तो घरोघरचा आचार झाला. आणि आचार झाला म्हणूनच यंत्रयुगांत त्याचें काय करावें, हा प्रश्न त्या राष्ट्रापुढें उभा राहिला.

हें स्थित्यंतर एकदम झालें नाहीं. प्रथम धुराडें आलें, मग लोखंडी शेगडी आली, आणि विस्तव चालूं असतांच स्नान करण्याची सोय झाली. शहरांतील कामकरी लोकांसाठीं सार्वजनिक सौना निघाल्या; टाम्परे येथील १९०६ सालची 'राजापोर्ती' ही सौना अद्यापि चालूं आहे. १९३७ सालीं या परंपरेचें जतन करण्यासाठीं फिनिश सौना मंडळ स्थापन झालें. १९३९-४० च्या हिंवाळी युद्धांत सैनिकांनीं रणभूमीवरही सौना उभारल्या. विजेच्या शेगडीचे आरंभीचे प्रयोग याच युद्धपूर्व काळांतले; परंतु तिचा खरा प्रसार युद्धानंतर झाला. खेड्यांतील लोक शहरांत आले, मजल्यांच्या इमारतींत राहूं लागले. तेथें सरपण कोठें रचावें आणि धुराडें कोणाच्या खोलींतून न्यावें? प्रारंभीं इमारतीच्या तळघरांत सर्वांची मिळून एक सौना असे, आणि प्रत्येक कुटुंबास आठवड्यांतील ठराविक तासाची पाळी मिळे. पुढें विजेची शेगडी स्वस्त व आटोपशीर झाली, तशी न्हाणीघरालगतच्या कोपऱ्यांत प्रत्येकाची स्वतंत्र सौना आली. ५५ लाख लोकवस्तीच्या या देशांत आज सुमारें ३३ लाख सौना आहेत असें सांगतात. पाळी गेली, आणि पाळीबरोबर जिन्यांत ओल्या केसांनीं भेटणारे शेजारीही गेले.

आतां या शेगडीचेंच स्वरूप पाहूं. पोलादी नळ्यांत बसविलेली रोधक तार, भोंवतीं सांगाडा, आणि सांगाड्यांत धोंडे, एवढीच तिची रचना. विकत घेणारा बहुधा विजेचा आंकडा पाहतो. पाहावयाचे असतात ते धोंडे. थोडा हिशेब केला म्हणजे हें उघड होईल. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे २०० ग्रॅम पाण्याच्या एका पळीस सुमारें ४५० किलोज्यूल लागणार. एक किलो दगड एक अंशानें निवतांना सुमारें ०.८४ किलोज्यूल देतो. तेव्हां २० किलो धोंड्यांच्या शेगडीवर एक पळी पाणी टाकिलें तर धोंडे सरासरीनें २७ अंशांनीं निवतात. १०० किलोंच्या शेगडीवर तेंच पाणी टाकिलें तर केवळ साडेपांच अंशांनीं. हलकी शेगडी अर्ध्या तासांत तयार होते, परंतु तिचे धोंडे दोनचार पळ्यांत थकतात. जड शेगडी तापावयास तासाहून अधिक वेळ घेते, पण तिची वाफ मृदु असते व टिकते. कामावरून घरीं येऊन घाईनें दहा मिनिटें बसणारास पहिली बरी. कुटुंबांतील चारपांच माणसें पाळीपाळीनें बसणार असतील तर दुसरी.

विजेचा आंकडा ठरविण्याची रीत सोपी आहे. नीट अवरोधन केलेल्या खोलीच्या दर घनमीटरास सुमारें एक किलोवॅट धरावा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच खोलीचें घनफळ ६.३ घनमीटर होतें. परंतु काच, फरशी वा वीट यांचा उघडा भाग उष्णता शोषून घेतो. अशा दर चौरस मीटरास सुमारें १.२ घनमीटर अधिक मोजावेत. दीड चौरस मीटरचें कांचेचें दार असेल तर बेरीज आठांच्या वर जाते. म्हणजे शेगडी आठ किलोवॅटची हवी. एवढी शेगडी साध्या जोडणीवर सुमारें ३५ अँपिअर प्रवाह ओढील. म्हणून थ्री-फेज जोडणी व जाणत्या वीजकामगाराचा हात या दोन गोष्टी अपरिहार्य होत. बसण्याचा वरचा ओटा असा असावा कीं बसणाराचे पाय धोंड्यांच्या पातळीच्या वर राहतील. उष्णता वर चढते, आणि खालीं राहिलेले पाय गारठतात. ताजी हवा शेगडीजवळून यावी व जुनी ओट्याखालून जावी.

धोंड्यांची निवड हा स्वतंत्र विषय आहे. फिनलंडांत ऑलिव्हीन डायबेस वा पेरिडोटाइट जातीचे घट्ट, जड दगड वापरतात. डायबेस हा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा जवळचा नातलग. तथापि म्हणून घाटांतले दगड उचलून शेगडींत घालूं नयेत. आपल्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट नांवाचीं खनिजें वारंवार आढळतात, आणि त्यांच्या अंगीं पाणी असतें. १७५६ सालीं क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानें त्यांस हें नांव दिलें तेंच मुळीं 'उकळणारा दगड' या अर्थाचें आहे. नदींतील गोटेही ओलावा धरून तडकतात. योग्य दगड पांच ते दहा सेंटीमीटर व्यासाचे घ्यावेत, धुवावेत, आणि मोठे खालीं व लहान वर असे मोकळे रचावेत. नळ्या झांकल्या जाव्यात, परंतु हवा खेळती राहावी. दाबून भरल्यास नळ्यांची उष्णता अडून त्या वांकतात व जळतात. तापून निवून दगड ठिसूळ होतात. म्हणून वर्षांतून एकदां तरी ते सारे काढून, चुरा झाडून, फुटके टाकून पुन्हां रचावेत. पाणी स्वच्छ व गोडें असावें, आणि तें पळीनेंच, थोडथोडें टाकावें.

उष्णता ७० ते ९० अंशांपर्यंत पुरेशी होते. तिच्या गुणाविषयीं विचारपूर्वक बोलावें. कुओपिओ भागांतील २,३१५ पुरुषांची सुमारें वीस वर्षें पाहणी करून २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, आठवड्यांतून चार ते सात वेळां सौना घेणारांमध्यें हृदयविकारानें अकस्मात् मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें. परंतु निरोगी माणसेंच सौनेंत अधिक वेळां जात असतील, ही शंका अशा पाहणीनें पूर्णपणें फिटत नाहीं. उलट बाजूही आहे. हेइनोला येथें ११० अंशांत कोण अधिक वेळ बसतो अशी चढाओढ १९९९ पासून भरत असे. २०१० सालीं अंतिम फेरींत एक स्पर्धक प्राणास मुकला, आणि ती चढाओढ कायमची बंद झाली. ज्या वाफेस पूर्वजांनीं प्राण म्हटलें, तिचा पराक्रमासाठीं उपयोग केल्याचें तें फळ होतें. मद्यपी, गरोदर स्त्रिया व रक्तस्रावाचे रोगी यांना चरकानें स्वेद वर्ज्य सांगितला आहे. मद्य घेऊन सौनेंत बसूं नये, आणि गर्भवतीनें व हृदयरोग्यानें वैद्यास विचारल्यावांचून जाऊं नये, हें आजचे डॉक्टरही सांगतात.

विजेच्या शेगडीचा एक धोका मात्र तिच्या सोयींतूनच जन्मला आहे. वापरांत नसलेली घरची सौना अडगळीची खोली बनते. दोरीवर ओले कपडे वाळत पडतात. कोणीतरी चुकून बटण फिरवितो, आणि आग लागते. धुराच्या सौनेपाशीं मनुष्य तासन्तास जाळ राखीत बसे. त्या राखणीचें काम घड्याळ लाविलेलें बटण करूं शकत नाहीं. म्हणून शेगडीवर अथवा तिच्या वर कांहींही ठेवूं नये, आणि चालूं करण्यापूर्वीं स्वतः आंत डोकावून पाहावें, हे नियम कागदावरच्या इतर साऱ्या सूचनांहून महत्त्वाचे आहेत.

तर मग प्राण गेला कीं राहिला? माझ्या मतें जाळ गेला, धूर गेला, काजळी गेली, तरी धोंडे राहिले, आणि प्राण धोंड्यांत होता. शेगडी धोंड्यांच्या सेवेस असेल तोंवर सौना ती सौनाच. खरें नुकसान झालें तें दुसरीकडे: सामाईक पाळी मोडली. मात्र इतिहासानें येथेंही एक वळण घेतलें आहे. २०२२ च्या शरदांत युरोपांत विजेची टंचाई भासूं लागली, तेव्हां फिनिश नागरिकांस सौना कमी वेळां व कमी वेळ तापविण्याचें आवाहन झालें. आपापल्या दाराआड तापणाऱ्या लाखों शेगड्या एकाच तारेनें बांधलेल्या आहेत, हें तेव्हां लोकांच्या ध्यानीं आलें. त्याआधीं २०१६ सालीं हेलसिंकीच्या समुद्रकांठीं 'लोय्लू' याच नांवाची नवी सार्वजनिक सौना उघडली होती, आणि २०२० सालीं युनेस्कोनें फिनिश सौनासंस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें होतें. उपकरण प्रत्येकाचें स्वतंत्र होऊं शकतें. आचार मात्र चौघांनीं मिळूनच टिकवावा लागतो. म्हणून घरीं विजेची शेगडी बसविणारानें किलोवॅट व किलो यांचा हिशेब अवश्य करावा, परंतु ओट्यावर एकाहून अधिक माणसांना जागा ठेवण्यासही विसरूं नये.