कारखानदाराच्या हातांतील हत्यार



आमच्या भाईंदरच्या पूर्वेस लहानलहान गाळ्यांतून स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घडविण्याचा धंदा चालत आला आहे. तेथें मालकहि पुष्कळदां पॉलिशच्या चाकापाशीं उभा दिसतो. याच गांवाहून सकाळच्या गाडीनें मुंबईस जाणारे इंजिनियर मात्र सांगतात कीं, हुद्दा चढला आणि हत्यार सुटलें. आतां दिवस बैठकींत जातो. ही तक्रार ऐकली कीं मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार होण्यासाठीं ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें आले, परंतु कांहीं रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखतां येईनात. तेव्हां कुंचला ठेवून त्यांनीं यांत्रिक रेखन हातीं घेतलें, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तेंच ते शिकवूं लागले. पुढें बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून ते बेळगांवीं वडील बंधु रामुअण्णांकडे गेले. तेथें सायकलींचें दुकान होतें. त्यांतूनच कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर निघाले.

नांगराची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. लोखंडानें जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं! अशा वेळीं केवळ हिशेब पाहणारा मालक तो माल मोडींत काढता. ज्यानें स्वतः नांगराची आकृति रेखली, त्याला मात्र दोष नांगरांत नाहीं, हें ठाऊक असतें. असला धीर वहीवरून येत नाहीं.

बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळचा माळ दिला, दहा हजार रुपये कर्जहि दिलें. १९१० सालीं त्या निवडुंगाच्या व सापांच्या रानांत किर्लोस्करवाडी उभी राहिली. गांवाची व्यवस्था रामुअण्णांनीं पाहिली, हिशेब मंगेशराव रेग्यांनीं सांभाळले. शंभुराव जांभेकर तर इंजिनियर, व्यवस्थापक आणि वेळ पडल्यास डॉक्टरहि! माझ्या मतें लक्ष्मणरावांना यंत्रांपाशीं राहतां आलें, तें या माणसांमुळें. मालकानें सगळेंच स्वतः करावें, असें येथें कोणी म्हणत नव्हतें.

आजचे कारखाने मोठे, तेथें हें कसें जमावें, असा आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे. प्रमुखानें रोज कानस चालवूं नये. पण तडकलेलें ओतकाम समोर आलें, तर खोट वाळूच्या सांच्यांत कीं धातूच्या रसांत, एवढें तरी त्यानें विचारावें. वाडींत अनंतराव फळणीकर नांवाचे गृहस्थ होते. त्यांचें शालेय शिक्षण अपुरें, पण यंत्रांतली कल्पकता विलक्षण. ती ओळखावयास आकृति वाचतां येणारा धनीच लागतो. प्रमाणपत्रें तपासणाऱ्या एखाद्या कचेरींत फळणीकर दारांतूनच परत गेले असते.