बोरीबंदरची वास्तू आणि जालन्याचा प्रवासी

प्रस्तावना :
मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा, उल्लेख बहुधा वास्तुसौंदर्याच्या गौरवापुरता मर्यादित राहतो. ही भव्यता नेमकी कोणासाठी होती, हा प्रश्न प्रस्तुत लेखात जालन्यासारख्या दूरच्या ठिकाणाहून येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने विचारात घेतला आहे.

वास्तूचे स्वरूप :
१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदरहून. तेथेच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीसाठी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले; ते सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, वास्तूस तिचे नाव देण्यात आले. इटालियन वळणाची गॉथिक शैली, टोकदार कमानी, अष्टकोनी घुमट, त्यावरील मशाल व चक्र धारण केलेली ‘प्रगती’ची मूर्ती, प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि भारताचा वाघ, या सर्वांतून सत्तेचा व व्यापाराचा आत्मविश्वास प्रकट होतो. कोरीवकामातील पशुपक्षी व पर्णाकृती यांत मात्र मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात आहे.

सुविधा आणि प्रवासी :
लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाशी या वास्तूची तुलना नेहमी केली जाते. तेथे दर्शनी इमारतीत निदान श्रीमंत प्रवाशांसाठी हॉटेल होते. बोरीबंदरला घुमटाखालचा भव्य जिना कंपनीच्या कचेऱ्यांकडे नेत असे. म्हणजे वास्तूचा सर्वांत देखणा भाग प्रवाशाचा नव्हताच! त्याच्या वाट्याला इटालियन संगमरवराने सजविलेले तिकीटघर आले, तेही खिडकीपुढील रांगेत उभे असेपर्यंत.

निजामाच्या राज्यातील मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला आणि जालना मुंबईशी जोडले गेले. परंतु सरळ नव्हे. प्रवाशास मनमाडला उतरून, बोचकी सावरीत ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे. जालन्याच्या कापसाच्या गाठीही तेथेच एका वाघिणीतून दुसरीत चढविल्या जात. रुळांतील हा फरक १९९० च्या दशकात मिटला. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी संख्येने सर्वाधिक असूनही त्यांच्या डब्यांतील गर्दी व अस्वच्छता किती असह्य होती, हे महात्मा गांधींनी १९१७ मध्ये स्वतःच्या मुंबई–मद्रास प्रवासाच्या आधारे लिहून ठेवले आहे.

२००४ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. बाहेरगावच्या गाड्यांचे फलाट मूळ इमारतीच्या एका बाजूस असल्याने, मराठवाड्यातून आलेल्या प्रवाशास घुमट पाहायचा तर आजही स्थानकाबाहेर पडून मागे वळावे लागते.