शिष्यवृत्तीच्या अर्जावरचे दोन रकाने

जून-जुलै लागला की आपल्या वस्तीत दरवर्षी एकच धावपळ सुरू होते. कुणाला जातीचा दाखला पाहिजे, कुणाला उत्पन्नाचा. उत्तर सोलापूर तहसीलमध्ये रांग, सेतू केंद्रात रांग. मुले म्हणतात, "जीओआय भरायचीय." जी.ओ.आय. म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडियाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण ती आली कुठून, आणि तिच्या अर्जावर 'जात' व 'उत्पन्न' हे दोन रकाने आपल्या घरांना किती महागात पडले, हे आजच्या मुलांना कुणी सांगितलेले नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा तेच लिहावे असे आम्हांला वाटले.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागते, कारण शिष्यवृत्ती बंद पडली म्हणजे काय होते हे त्यांनी स्वतः भोगले होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ साली अमेरिकेसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही करार लिहून : शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे १९२० साली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने पैसे, असे सगळे गोळा करून ते पुन्हा गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसाचे शिक्षण राजाच्या मर्जीवर आणि मुदतीवर अवलंबून होते. मर्जी चांगली होती हे खरे, आणि त्या उपकाराची जाणीव बाबासाहेबांनी कायम ठेवली. पण मर्जी ती मर्जीच.

आता आपल्या सोलापूरची गोष्ट. ही सांगताना आम्हांला अभिमान वाटतो, आणि थोडे वाईटही वाटते की आपल्याच गावात ती फारशी सांगितली जात नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढले, ते सोलापुरात! जेवण, कपडे, वह्या-पुस्तके, सगळा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याचा कारभार पाहिला. त्या काळी गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचे. जुनी मिल १८७७ ची, तिच्यामागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यातून आलेल्या आपल्या माणसांना शहरात रोजगार मिळाला, पण पोराला हायस्कुलात घालायचे तर ठेवायचे कुठे आणि खायला काय घालायचे, हा प्रश्न तसाच होता. फी माफ झाली तरी पोटाची माफी कुठून होणार? वसतिगृहाने नेमके हे ओळखले होते.

त्यानंतर १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीने १९३० च्या अहवालात अस्पृश्य मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांची शिफारस केली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. १९४२ साली त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आपली जीओआय. राजाची मर्जी नाही, नोकरीचा करार नाही. अर्ज करायचा आणि हक्काने घ्यायचे. सोलापुरात दयानंद कॉलेज १९४० साली निघालेले होते, त्यामुळे पुण्या-मुंबईला न जाताही पुढे शिकण्याची वाट इथल्या मुलांना मोकळी झाली.

मग आले १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला दीक्षा झाली, आपण बौद्ध झालो. आणि अर्जावरचा पहिला रकाना आडवा आला. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्यात बौद्धांना जागा नव्हती. म्हणजे अर्जावर खरा धर्म लिहिला की केंद्राची शिष्यवृत्ती गेली. घराघरात वाद झाले. काहींनी छातीठोकपणे 'बौद्ध' लिहिले आणि सवलत सोडली. काहींनी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' तसेच राहू दिले. घरात त्रिशरण-पंचशील आणि कागदावर जुनी जात. अशा लोकांना नावे ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आम्ही ठेवणार नाही. गिरणीच्या पगारात चार पोरे वाढवणाऱ्या बापाने फीचा हिशेब केला असेल, तर त्याच्या श्रद्धेत खोट होती असे आम्हांला वाटत नाही. आणि ज्यांनी सोडले त्यांचे मोल तर कशाने मोजणार?

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आपल्या सवलती राज्यापुरत्या बौद्धांना लागू केल्या. कागदावर 'नवबौद्ध' हा शब्द रूढ झाला. (आम्ही बौद्धच, पण कचेरीच्या लेखी अजून नवे! असो.) केंद्राचा दरवाजा मात्र बंदच राहिला. तो १९९० साली उघडला, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, कायद्यात दुरुस्ती होऊन. चौतीस वर्षे! इतक्या वर्षांत एक पिढी शिकून नोकरीला लागली, किंवा न शिकता कामाला लागली. गंमत पाहा, आजही दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या घरात बापाने अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिले, त्या घरातल्या नातवाला आज्या-पणज्याची 'महार' नोंद शोधत शाळा नाहीतर जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर चाळावे लागते.

दुसरा रकाना उत्पन्नाचा. गरीब मुलाला शाळेत फी माफ होई, तिला 'नादारी' म्हणत. नादार म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. हा शब्द वर्गात मोठ्याने वाचला जायचा. पुढे ई.बी.सी. आली, वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या सर्व जातींच्या पालकांसाठी. ती मोठी गोष्ट होती, कारण तिथे मोजमाप हेडमास्तरांच्या दयेचे नव्हते, आकड्याचे होते. पण आकड्याचा एक गुण वाईट. पगार आणि महागाई वाढतात. आकडा कुणीतरी सरकवल्याशिवाय सरकत नाही.

जीओआयची मर्यादा २०१० साली दोन लाख झाली, २०१३ साली अडीच लाख. २०२१ च्या नव्या नियमावलीतही अडीच लाखच. अडीच लाख म्हणजे महिन्याला वीस हजार आठशेच्या आसपास. समजा, वडील कारखान्यात अकरा हजारांवर आहेत आणि आई चार घरची कामे व विड्या करून दहा हजार आणते. वर्षाचे झाले दोन लाख बावन्न हजार. दोन हजार जास्त! कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्याच्या फ्रीशिपमधून तरी भरली जाते, कारण ती अडीच लाखांच्या वरच्यांसाठीच आहे. पण निर्वाहभत्ता गेला. २०२१ च्या दराप्रमाणे मेडिकल-इंजिनिअरिंगला होस्टेलवर राहणाऱ्यास तो वर्षाला १३,५०० रुपये. त्याहून मोठे म्हणजे स्वाधार. २०१६-१७ साली सुरू झालेल्या या योजनेत सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलाला पुण्यात राहून शिकायला वर्षाला ६० हजार मिळत. त्यालाही मर्यादा तीच, अडीच लाख. म्हणजे दोन हजारांसाठी साठ हजारांवर पाणी. १९२५ च्या वसतिगृहाने ज्या पोटाची काळजी घेतली, तेच पोट इथे रेषेच्या पलीकडे पडते. रेषा असू नये असे आमचे म्हणणे नाही. पण वरचा माणूस एकदम कड्यावरून ढकलला जावा अशी ती का असावी? थोडे जास्त उत्पन्न असेल तर थोडी कमी मदत, असे टप्पे करता येतात.

तोपर्यंत घरोघरी काय पाहायचे ते सांगतो. उत्पन्नात आई-वडील दोघांचे धरतात. नोकरदाराचा आयकरातून सूट असलेला घरभाडे भत्ता त्यात धरत नाहीत. लग्न झालेली व नोकरी नसलेली मुलगी शिकत असेल तर नवऱ्याचे उत्पन्न. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते, तेव्हा विडी कामगारांच्या मुलांची घेतली तर जीओआय नाही. रक्कम पाहून ठरवा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा, आणि २०२१ च्या नियमांनुसार केंद्राचा साठ टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यावर येतो, म्हणून त्यातली कॉलेजची फी कॉलेजात भरायची राहू देऊ नका. खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात. जोडले आहे असे मुले सांगतात, बँकेत जाऊन एकदा स्वतः विचारा.