फोम टायरचा आऊट काढणे

रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या छोट्या गाड्यांचे स्पंजाचे टायर यंत्रावर फिरवून, घासून ठरावीक व्यासाला आणि नेमक्या गोलाईला आणण्याचे काम. सायकलच्या चाकाचा आऊट आरे ताणून काढतात. इथे मात्र रिमला हात न लावता टायरचाच नको असलेला भाग उतरवावा लागतो.

फोम टायर मुख्यतः १:१२ प्रमाणाच्या इलेक्ट्रिक गाड्यांना आणि १:८ व १:१० प्रमाणाच्या इंधनावर चालणाऱ्या ऑन-रोड गाड्यांना लावतात. इलेक्ट्रिक टूरिंग गाड्यांत आता रबरी टायर वापरतात आणि त्यांना हे काम लागत नाही. प्लास्टिकच्या रिमवर नैसर्गिक रबराच्या किंवा निओप्रीनच्या स्पंजाचे कडे सोल्युशनने चिकटवलेले असते. स्पंज किती मऊ हे काही उत्पादक शोअर अंकाने सांगतात, काही रंगाने. एकाचा गुलाबी आणि दुसऱ्याचा गुलाबी सारखाच असेल असे धरून चालू नये.

नवे कडे मुद्दाम जाड असते आणि चिकटवताना थोडे इकडेतिकडे बसते. १:१२ च्या गाडीचे टायर घासून झाल्यावर साधारण ४० ते ४३ मिमी व्यासाचे असतात. ४२ मिमीचा टायर ताशी ३६ किमी वेगाला सेकंदाला सुमारे ७६ फेरे घेतो. एवढ्या फेऱ्यांत अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही सेकंदाला ७६ धक्के देतो, टायर रस्ता सोडत राहतो आणि पकड जाते. गाडी थरथरली की लोक आधी सस्पेन्शन उघडतात. खरे तर चाक हाताने फिरवून बाजूने पाहणे हेच पहिले काम असावे.

यंत्राला टायर ट्रुअर म्हणतात. ते म्हणजे छोटा लेथच. मोटरच्या दांड्यावरील आर्बरवर, म्हणजे चाक धरणाऱ्या जोडतुकड्यावर, चाक घट्ट बसते आणि समोर रुळावर सरकणाऱ्या कॅरेजवर खरखरीत पॉलिश पेपर लावलेली पट्टी, ड्रम किंवा पाते असते. स्क्रूने कॅरेज टायरकडे किंचित पुढे घ्यायची आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश न्यायची. स्लोव्हाकियातील हुडी या कंपनीचे यंत्र शर्यतवाल्यांच्या ओळखीचे आहे. ते परवडत नसेल तर यंत्र घरी जुळवून त्याचा आर्बर लेथवर काढून घेता येतो आणि तळोजा एमआयडीसी जवळ असलेल्या पनवेलकराला टर्नर शोधावा लागत नाही. पण आर्बर स्वतःच आऊट असेल तर टायर यंत्रावर गोल दिसतो आणि गाडीवर चढताच पुन्हा आऊट होतो.

या कामाचे मर्म हलक्या हाताने घासण्यात आहे. स्पंज दाबला की मागे सरतो आणि दाब सुटला की फुगून पुढे येतो. एका फेरीत जास्त उतरवायला गेले तर तो तापतो, त्याचे तुकडे निघतात आणि दोन कडांचा व्यास वेगळा होऊन टायर शंकूसारखा होतो. म्हणून प्रत्येक फेरीत थोडेच काढावे आणि शेवटी स्क्रू न हलवता एकदोन फेऱ्या द्याव्यात. फुगून आलेला स्पंज त्यांत उतरतो. मोजमाप मोटर थांबवूनच घ्यावे. व्हर्नियरचे जबडे टायरला नुसते टेकले पाहिजेत, कारण दाबून घेतलेले माप नेहमी कमी भरते. डावे व उजवे चाक एका मापाचे हवे, नाहीतर गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. उतरवलेले माप ठरल्यापेक्षा थोडे कमीजास्त झाले तरी गाडी चालवता येते. जोडी जुळली नसेल तर सेटिंग कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

मागच्या टायरचा व्यास हा गिअरिंगचाही भाग असतो. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी जेवढी पुढे जाते त्याला रोलआऊट म्हणतात. टायरचा परीघ गुणिले पिनियनचे (मोटरवरील गिअरचे) दात, भागिले स्परचे (मागच्या आसावरील गिअरचे) दात, असा त्याचा हिशेब. ४३ मिमी टायर, ४० दातांचा पिनियन आणि ८० दातांचा स्पर धरल्यास रोलआऊट ६७.५ मिमी येतो. टायर घासून ४२ मिमीवर आणला की तो सुमारे ६६ मिमी होतो. पिनियन ४१ दातांचा केला की पुन्हा ६७.६ मिमी. गाडीचे पोटही अर्धा मिलिमीटर खाली येते, तेव्हा उंची परत लावावी लागते.

टायर किती लहान करायचा हे ट्रॅकवर ठरते. जास्त पकडीच्या कार्पेटवर पातळ टायर चांगला, कारण जाड स्पंज वळणावर दुमडतो आणि गाडी उलटते. पुढच्या टायरची बाहेरची कड थोडी गोल करून तिच्या बाजूला पातळ सायनोॲक्रिलेट गोंद लावतात तेही याचसाठी. खडबडीत डांबरावर स्पंज झपाट्याने झिजतो, म्हणून लांब शर्यतीला व्यास मोठा ठेवावा लागतो. १:८ च्या गाड्यांचे नवे टायर मागे सुमारे ७६ आणि पुढे ६९ मिमी असतात.

पनवेलला चाकाचे काम नवे नाही. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये बैलगाडीची चाके बनवणे हा या गावाचा मुख्य धंदा म्हणून नोंदला आहे. मात्र इथला पावसाळा फोमच्या कामाला अडचणीचा. सोल्युशनमधील द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील पाणी त्यावर बसते आणि जोड कच्चा राहतो. असे कडे यंत्रावर फिरताना सुटते. जून ते सप्टेंबर रिम कोरडी पुसून, बंद खोलीत चिकटवणे बरे.

घासताना उडणारी भुकटी फार बारीक असते. मास्क आणि गॉगल लावावा, सैल बाही दुमडून घ्यावी आणि कॅरेजजवळ व्हॅक्यूमची नळी धरावी. तयार टायर उन्हात ठेवले तर स्पंज कडक होतो, म्हणून ते बंद पिशवीत जोडीने, व्यास लिहून ठेवतात. स्पंज संपला तरी रिम धड असेल तर उरलेला स्पंज खरवडून काढून नवे कडे बसवता येते. त्याचाही आऊट पुन्हा काढावा लागतो.