पानांची बदली

राजापूरकरांना माल हलवण्याची विद्या कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली फुगल्या, पाणी जवाहर चौकाकडे सरकू लागले, की दुकानातला माल वरच्या माळ्यावर चढू लागतो. त्या गडबडीत दोन प्रश्न उभे राहतात. माल हलवा असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि कोणती वस्तू कोठे गेली हे मागाहून कोण सांगणार? आज आम्ही संगणकाच्या स्मृतीचा इतिहास सांगणार आहोत, पण प्रश्न हेच दोन आहेत. कामगार संघटनेच्या माणसाने या यंत्राच्या पोटात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. बदलीचे हुकूम वाचण्यात आमचा जन्म गेला, म्हणून शिरलो.

स्मृतीचे सारखे तुकडे पाडून त्यांना ‘पाने’ म्हणण्याची रीत मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ॲटलस यंत्राने घातली. डिसेंबर १९६२ मध्ये ते रीतसर सुरू झाले. त्याचे एक पान ५१२ शब्दांचे. जलद स्मृती अवघी १६,३८४ शब्दांची. बाकीची पाने फिरत्या चुंबकी ड्रमवर. कोणते पान ड्रमवर धाडायचे ते यंत्रच ठरवी. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागले होते; त्याची जलद स्मृती २,०४८ शब्दांची, म्हणजे शब्दसंख्येने ॲटलसची चार पाने!

पुढे एकाच यंत्रात शेकडो प्रोसेसर आले आणि स्मृतीची वखारही एक राहिली नाही. प्रत्येक गटाजवळ त्याची स्वतःची वखार. दूरच्या वखारीतला माल मिळतो, पण उशिरा मिळतो. आता एखादे काम मध्येच थांबवून दुसऱ्या गटावर नेले तर त्याची पाने मात्र जुन्या वखारीतच राहतात. माणसाची बदली राजापूरला आणि ट्रंक चिपळूणला, असा प्रकार. पानेही मागोमाग न्यावीत, म्हणून एसजीआय या अमेरिकन कंपनीतील रे ब्रायंट यांनी २००५ च्या आरंभी लिनक्सच्या गाभ्यासाठी एक नवी ‘हाक’ सुचवली. बाहेरच्या व्यवस्थापकाने चालू कामाचा क्रमांक, त्याच्या स्मृतीतले कोठून कोठवरचे पत्ते, आणि जुन्या-नव्या वखारींची यादी द्यायची. गाभ्याने पाने हलवायची.

छाननी उघड्यावर झाली, आणि कसून झाली. परक्या कामाच्या पत्त्यांत बाहेरच्याने का हात घालावा, असा आक्षेप अँडी क्लीन यांनी घेतला. इतकी घासाघीस कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. लिनक्समध्ये एकदा दिलेली हाक सहसा मागे घेत नाहीत. तिच्यावर विसंबून कार्यक्रम लिहिले जातात, ते मोडायचे नाहीत असा लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे. करारावर सही करण्यापूर्वीच भांडावे लागते, हे आमच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

मार्च २००६ मध्ये पहिली हाक गाभ्यात आली. त्याच कंपनीतील क्रिस्टोफ लॅमीटर यांनी हे काम पुरे केले. तिच्यात पत्ते नाहीत. अमुक कामाची या वखारीतली सारी पाने त्या वखारीत न्या, एवढेच. उत्तरादाखल एक आकडा मिळतो : किती पाने हलू शकली नाहीत. कोणती, का, हे नाही. असा आकडा आम्ही ओळखतो. एका कारखान्याने आम्हांला एकदा बदल्यांचा असाच नुसता आकडा दिला होता; त्यातली माणसे कोण, हे शोधण्यात आमचा महिना गेला.

दुसरी हाक सप्टेंबर २००६ ची, आणि आमच्या मते अधिक न्यायाची. गंमत अशी की आधी नको असलेले पत्ते येथे परत आले! पण येथे प्रत्येक पानाला स्वतंत्र मुक्काम सांगता येतो आणि प्रत्येक पानाचे स्वतंत्र उत्तर मिळते : पोचले, सध्या गुंतलेले आहे, अनेकांच्या सामायिक वापरात आहे, म्हणून खास अधिकाराशिवाय हलणार नाही. मुक्काम सांगितलाच नाही, तर कोणते पान आज कोठे आहे एवढेच कळते.

घोटाळा या निरुपद्रवी चौकशीतच निघाला. परक्याच्या पानांविषयी विचारण्याचा अधिकार कोणाला, याची कसोटी २००६ मध्ये दुसरीकडून उचलली होती. ज्याला एखाद्या कामाला ‘थांब’, ‘ऊठ’ असा इशारा पाठवता येतो, त्याला त्याची पानेही विचारता येत. पण दारावरून हाक मारण्याचा हक्क म्हणजे आतली ट्रंक उघडण्याचा हक्क नव्हे. काही कार्यक्रम सामान्य माणूस सुरू करतो, पण ते चालतात वरिष्ठाच्या अधिकाराने; परवलीचा शब्द बदलणारा कार्यक्रम त्यांतलाच. हल्लेखोराला ठाव लागू नये म्हणून अशा कार्यक्रमाची स्मृतीतली मांडणी दर वेळी पिसून बदलतात. या चौकशीने ती मांडणी उघडी पडत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतः कसोटी बदलली : परक्या कामाचे अंतरंग तपासण्याची ज्याला मुभा, त्यालाच पानांची चौकशी. मागाहून पहिल्या हाकेलाही तीच कसोटी लागली.

मधे अकरा वर्षे गेली. हाक मागे घेतली नाही, तिचे रूपही बदलले नाही. दारावरचा पहारा तेवढा बदलला. स्वतःची पाने कोठे ठेवली आहेत हे कोणत्याही कामाला आजही विचारता येते. त्यासाठी कामाच्या क्रमांकाच्या जागी शून्य लिहायचे असते.