मद्याचा वास नाही, तरी नशा कशाची?

१/ तोंडाला मद्याचा वास नाही. तरीही चाल अडखळते, जीभ जड होते, विचार विस्कटतात. शामक औषधांची ही नशा नीट ओळखायला वैद्यकाला जवळजवळ एक शतक लागले. विलंबाची किंमत रुग्णांनी मोजली. 🧵

२/ १८५७, लंडन. चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण येतो, असे सांगितले. पुढे चिंता आणि निद्रानाशावरही ते सर्रास दिले जाऊ लागले. मेख अशी की, ब्रोमाइडचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे १२ दिवस लागतात. रोज घेतले, तर ते साचत जाते.

३/ साचलेल्या ब्रोमाइडची लक्षणे: गोंधळ, भास, झोकांड्या, अंगावर पुरळ. हे वेडच समजून काहींची रवानगी मनोरुग्णालयात होई. तेथे शांत ठेवण्यासाठी पुन्हा ब्रोमाइडच मिळे! १९२७ मध्ये ओटो वूथ यांनी रक्तातील ब्रोमाइड मोजण्याची पद्धत मांडली आणि विष व व्याधी यांत फरक करणे शक्य झाले.

४/ दरम्यान नवा पर्याय आला होता. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल हे निद्राकारक जगापुढे ठेवले. ‘व्हेरोनाल’ नावाने ते गाजले. १९१२ मध्ये ‘ल्युमिनाल’ आले. बार्बिट्युरेटचे खरे व्यसन जडते का, यावर मात्र दशकानुदशके वाद चालला.

५/ उत्तर १९५० मध्ये अमेरिकेतील लेक्सिंग्टनहून आले. हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी पूर्वी अफूवर्गीय व्यसन असलेल्या ५ स्वयंसेवकांना ही औषधे दीर्घकाळ दिली. बोबडे बोलणे, तोल जाणे, बुबुळांची थरथर, क्षणात बदलणारा मूड, ढासळलेला विवेक: चित्र हुबेहूब दारूच्या नशेचे. औषध एकाएकी थांबवल्यावर त्याहून भीषण घडले: आकडी आणि उन्माद. ज्ञान मोलाचे होते. पण कैद्यांच्या संस्थेतील संमती कितपत मुक्त, हा प्रश्न आजही बोचतो.

६/ मग लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून लिब्रियम (१९६०) आणि व्हॅलियम (१९६३) आले. बार्बिट्युरेटपेक्षा ती सुरक्षित ठरली. तरी १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेतील लिब्रियम थांबवल्यावर त्रास होतो, हे दाखवले. मद्य किंवा अफूवर्गीय औषधांची जोड मिळाली, तर श्वासच मंदावतो.

७/ या इतिहासाचे सार दोन वाक्यांत: वास नसलेली नशा दिसली, तर औषधांच्या बाटल्या पाहाव्यात, उठवूनही जाग येत नसेल वा श्वास संथ असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. आणि दीर्घकाळ घेतलेले औषध मनाने एका दिवसात कधीही बंद करू नये.